डोळे बांधून ओळखलेलं झाड

आमच्या गावाबाहेरच्या राईत एकशे चौदा झाडं आहेत. त्र्याण्णव बीचची, चौदा ओकची, सहा हॉर्नबीमची आणि एक सिमेंटचा दिव्याचा खांब. खांब झाडांत कसा गेला ते पुढे येईलच. ही मोजणी मी मार्चमध्ये केली, झाडांवर एकही पान नसताना, राईच्या फाटकापासून बंद पडलेल्या डेअरीच्या भिंतीपर्यंत. छातीच्या उंचीपेक्षा बुटकी रोपं मोजली नाहीत. आमच्या शास्त्रात तसा नियम आहे.

पानं बघून झाड ओळखणं म्हणजे पाटी वाचून दुकान ओळखण्यासारखं आहे. त्यात कसलं कौतुक? खरी ओळख खोडावरून पटते. बीचचं खोड गोल आणि करडं, थेट हत्तीच्या पायासारखं, फक्त त्या पायाला कोणीतरी इस्त्री केलेली. बाकीची झाडं वय वाढलं की साल फाडून घेतात. बीच लहानपणी जी साल अंगावर घेतो तीच जन्मभर ताणत राहतो. जुनी फांदी जिथे गळते तिथे दोन्हीकडे खाली झुकलेली रेघ उमटते आणि झाडाला मिशी फुटल्यासारखी दिसते. हॉर्नबीमची सालही करडी, तीही गुळगुळीत, म्हणून लोक फसतात. पण त्याचं खोड गोल नसतं. त्यावर उभे पीळ असतात, मध्ये खळगे असतात. पैलवानाने दंड आवळून धरावा तसं.

हे सगळं मी बोडिलकाकूंच्या टेबलाशी कॉफी पिताना सांगितलं. बोडिलकाकू आमच्या गावच्या सभागृहाचं स्वयंपाकघर चालवतात आणि स्वयंपाकघरातून गाव चालवतात. माझ्या पदवीची शाई तेव्हा ओली होती.

"डोळे बांधले तरी सांगेन," मी म्हणाले.

एवढं शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती.

आता आमच्याकडचा एप्रिल सांगते. गावात ज्याला पालवी फुटलेला बीच पहिल्यांदा दिसतो, तो त्याची फांदी सभागृहात आणून देतो. मग झेंडा चढतो, दुकानं बंद होतात, सगळं गाव लांब टेबलं घेऊन राईत जेवायला जातं. फांदी आणणारा टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसतो आणि त्याने ग्लास उचलल्याशिवाय कोणी खारवलेल्या हेरिंग माशांना हात लावत नाही. मला कळायला लागल्यापासून ती खुर्ची माझ्या आजोबांची आहे. एवाल्ड आजोबा, माझ्या आईचे वडील. त्यांचं झाड कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही. आजी गेली, तिलाही माहीत नव्हतं. लवकर पालवणाऱ्या बीचचा पत्ता विचारणं हे आमच्याकडे बायकोचं वजन विचारण्याइतकं असभ्य समजतात.

या वर्षी मात्र आजोबांचा गुडघा बदलला होता. नव्या गुडघ्याने ते खिडकीत बसायचे, मांडीवर दुर्बीण, शेजारी काठी. डॉक्टरांनी शिडीवर चढायला बंदी केली होती. आजोबांनी ऐकल्यासारखं केलं होतं.

त्या दिवशी सकाळी त्यांनी दुर्बीण खाली ठेवली.

"टोरा, सभागृहावर झेंडा लागलाय. कोण गेलं?"

मी पाहिलं. "अर्ध्यावर नाही आजोबा, पूर्ण वर आहे."

"म्हणजे त्याहून वाईट," ते म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

सभागृहात आनंदीआनंद होता. आसगेरकाकांनी फांदी आणली होती. आसगेरकाका म्हणजे आमचे निवृत्त पोस्टमन. आजोबांच्याच वर्गातले, शाळेपासूनचे मित्र, आणि मैत्री टिकवण्यासाठी आठवड्यातून एकदा तरी भांडणारे. ते कोपऱ्यात उभे होते, आणि जिंकलेला माणूस इतका ओशाळलेला मी कधी पाहिला नव्हता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी झाडांचा अभ्यास केलेला आहे, माणसांचा नाही.

"हॉर्नबीम आहे," आजोबा दारातूनच म्हणाले.

अकॉर्डियन वाजायचं थांबलं.

"एवाल्ड, अरे आधी बस तरी," आसगेरकाका म्हणाले.

"बसतोय कसला. एवढ्या थंडीत बीच फुटतो का? हा पोस्टमन आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू दुसऱ्यांच्या दारात टाकल्या. आज पहिल्यांदा स्वतःची म्हणून काहीतरी आणलं, तेही चुकीच्या पत्त्याचं."

दुसऱ्याच्या बीचला हॉर्नबीम म्हणणं हे आमच्याकडे दुसऱ्याच्या बाळाला बटाटा म्हणण्यासारखं आहे. दोन बाजू पडायला मिनिटही लागलं नाही.

"भांडताय कशाला?" मी शांतपणे म्हणाले. "फांदी दाखवा. बीचच्या कोवळ्या पानाच्या कडेला पापणीसारखी लव असते, हॉर्नबीमच्या पानाला करवतीसारखे दाते. एका नजरेत निकाल."

सगळे बोडिलकाकूंकडे बघायला लागले. काकू पदराला नाही, पण एप्रनला हात पुसायला लागल्या.

"पानं मी साखरेबरोबर वाटून स्नॅप्सच्या, म्हणजे जेवणातल्या दारूच्या, बाटलीत घातली," त्या म्हणाल्या. "दर वर्षी घालते."

"सगळी?"

"साठ माणसं जेवायला आहेत ग."

"निदान काडी? काडीवरच्या कळ्या चालतील."

"काडी चुलीत गेली. ओली होती, धूर फार झाला."

पुरावा गावाने प्यायला घेतला होता. उरलं फक्त झाड.

"झाड दाखव मग," आजोबा म्हणाले.

"झाड नाही दाखवणार," आसगेरकाका म्हणाले, आणि ते इतक्या घाईने म्हणाले की खोलीभर कुजबुज झाली. पण त्यांचं चूक नव्हतं. पत्ता सांगायची सक्ती आमच्याकडे कोणी कोणावर करत नाही.

तेव्हा बोडिलकाकूंना माझं वाक्य आठवलं.

"टोराला न्या की. ती म्हणाली होती, डोळे बांधले तरी सांगेन. डोळे बांधा आणि न्या. झाडही कळेल, जागाही कळणार नाही."

"ती एवाल्डची नात आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"ती खोटं बोलेल म्हणता?" आजोबा गुरकावले. "माझ्या नव्या स्वेटरबद्दल काय म्हणाली ते विचारा. ही पोरगी कोणाची नाही." मग त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "हिने बीच म्हटलं तर खुर्ची आसगेरची. या वर्षी आणि इथून पुढे कायमची. मी जेवायला येणार नाही, फांदीलाही जाणार नाही."

आसगेरकाकांचा चेहरा पांढरा पडला. आजी गेल्यावर आजोबा वर्षातून एकदाच मनापासून हसायचे, ते त्या खुर्चीत. हे मला माहीत होतं, काकांनाही माहीत होतं. आणि ते हसू आता माझ्या तळहातांवर अवलंबून होतं.

डोळ्यांवर बोडिलकाकूंचा भांडी पुसायचा रुमाल आला. त्याला कालच्या हेरिंगचा वास होता. मला आसगेरकाकांच्या माल वाहायच्या सायकलीच्या पुढच्या खोक्यात बसवलं, गुडघे हनुवटीला टेकवून, आणि आम्ही निघालो. रस्ता कळू नये म्हणून काका मला गावभर फिरवणार होते.

"ही बदकं तळ्यावरची," मी म्हणाले.

"बोलू नकोस. ऐकू नकोस."

थोड्या वेळाने मी म्हणाले, "काका, पुन्हा तीच बदकं."

"दुसरी आहेत."

"आवाज बसलेलं बदक गावात एकच आहे."

चर्चजवळच्या दगडांवर खोका असा हादरला की माझे दात एकमेकांना ओळखेनासे झाले. तिथे आमच्या पाद्रीबाई भेटल्या असाव्यात.

"टोरा, बाळा, कुठे नेतायत तुला?"

"सांगता येत नाही, बाई. गुप्त आहे."

"बरं बरं. डेअरीच्या रस्त्याला चिखल आहे हं, आसगेर. जपून."

सायकलीचा वेग एकदम वाढला. मग ती थांबली. धाप लागल्याचा आवाज आला. मी उतरले, हात पुढे केले, चार पावलं चालले आणि माझ्या तळहातांना खोड लागलं.

गार. गुळगुळीत. सुरकुती नाही, पीळ नाही, अगदी गोल. मी गाल टेकवला. मनातून मी आजोबांची माफी मागितली. शास्त्रापुढे नातं चालत नाही.

"बीच," मी म्हणाले. "नमुनेदार. तरुण, पण प्रकृती उत्तम. इतकं निर्दोष खोड मी आजवर पाहिलेलं नाही."

मागून खोकल्याचा आवाज आला.

"टोरा," आसगेरकाका म्हणाले, "तो दिव्याचा खांब आहे. मी जरा श्वास घ्यायला थांबलो होतो."

मार्चमध्ये धुकं होतं, एवढंच मी माझ्या बाजूने सांगू शकते.

"ही गोष्ट सभागृहात सांगणार आहात का?" मी विचारलं.

"अजून ठरवलं नाही. बस खोक्यात."

पुढे खरंच चिखल लागला. सायकल थांबल्यावर काकांनी मला हाताला धरून नेलं आणि माझे तळहात स्वतःच खोडावर ठेवले, बहुधा मी भिंतीला बीच म्हणू नये म्हणून.

पुन्हा गार. पुन्हा गुळगुळीत. खांबानंतर माझा माझ्या हातांवरचा विश्वास उडाला होता, त्यामुळे मी घाई केली नाही. बोटं आडवी फिरवली. बोटं चढली, उतरली, खळग्यात गेली, परत चढली. खोड आवळलेल्या दंडासारखं होतं. मी मिठी मारली, तर ते छातीला चार ठिकाणी टोचलं. मिशीची रेघ शोधली, सापडली नाही. पुन्हा पीळ मोजले. मला हवं तेच उत्तर येत होतं, आणि हवं ते उत्तर आलं की दोनदा तपासावं असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी तीनदा तपासलं.

"हॉर्नबीम," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. याला बीच म्हणणारा माणूस खांबालाही बीच म्हणेल."

"सुटलो," आसगेरकाका म्हणाले, आणि ते चिखलात मटकन खाली बसल्याचा आवाज आला.

हरलेला माणूस सुटलो म्हणतो याचा अर्थ मला लागेना. मी रुमाल ओढून काढला. समोर डेअरीच्या उन्हातल्या भिंतीला पाठ लावून हॉर्नबीम उभा होता, सगळीकडून हिरवा, चुणीदार पानांचा. मार्चमध्ये हा मी मोजला होता. तेव्हा जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं. भिंतीकडेच्या गवतातून वर काढलेली, खोडाला टेकवलेली हिरवी शिडी. तिची खालून तिसरी पायरी मी लहानपणी तोडली होती. आजोबांनी तिथे झाडूचा दांडा ठोकून बसवला होता. दांडा अजून तिथेच होता.

"ही आमची शिडी आहे," मी म्हणाले.

"तुमचीच. आणि हे तुझ्या आजोबांचं झाड." काकांनी बुटाचा चिखल पुसला. "जन्मभर या रस्त्याने टपाल नेलं मी. दर एप्रिलला एवाल्ड या शिडीवर दिसायचा. मी दुसरीकडे बघून घंटी वाजवत जायचो."

"म्हणजे इतकी वर्षं गाव हॉर्नबीमची फांदी..."

"पितंय. चव वाईट नाही."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"कशाला बोलू? तो त्या खुर्चीत बसला की दिवसभर माझ्याशी भांडत नाही." काकांनी शिडीकडे पाहिलं. "या वर्षी मला भीती वाटली. डॉक्टर काही म्हणोत, झाड हिरवं झालं की हा त्या गुडघ्याने चढणार. म्हणून मीच चढलो. फांदी तोडली, त्याच्या मागच्या दारात ठेवणार होतो, टपालासारखी. वाटेत बोडिलने सायकलीवर बघितली, ओढून घेतली, आणि मी तोंड उघडेपर्यंत झेंडा वर. पुढचं तू पाहिलंसच. एवाल्डने भर सभेत स्वतःच्याच झाडाला हॉर्नबीम ठरवलं."

"म्हणून तुम्ही जागा दाखवत नव्हता."

"आता तू हॉर्नबीम सांग. मी हरतो, खुर्ची त्याची राहते, कोणी पत्ता विचारत नाही."

योजना चांगली होती. तिच्यात एकच भोक होतं. बीच नसला तर जेवणही नाही. साठ माणसं, हेरिंग उघड्यावर, आणि खरे बीच फुटायला अजून आठवडा तरी होता. मोठे बीच. हा शब्द डोक्यात आला आणि मी पटकन गुडघ्यांवर बसले.

"काय हरवलं?" काकांनी विचारलं.

छोटी रोपं मोठ्या झाडांच्या आधी पालवतात. मोठ्यांची सावली पडायच्या आत त्यांना ऊन खाऊन घ्यायचं असतं. आणि छातीच्या उंचीखालची रोपं मी मोजलीच नव्हती.

ते शिडीच्या पायाशी होतं, भिंतीच्या उबेत. अंगठ्याएवढं खोड. गोल, करडं, इस्त्री केलेलं. मी दोन बोटांत धरून फिरवलं. एकही पीळ नाही. मग वर पाहिलं. पानं उलगडलेली, कडेला पापणीसारखी लव.

"काका, हा बीच आहे."

आसगेरकाकांनी वाकून पाहिलं. "खांब तर नाही ना?"

आम्ही परतलो तेव्हा सगळे सभागृहासमोर, राईत न्यायच्या लांब टेबलांशी ताटकळत होते. टोकाची खुर्ची रिकामी होती. आजोबा तिच्यामागे काठी धरून उभे होते.

"आसगेरकाकांचं झाड हॉर्नबीम आहे," मी जाहीर केलं.

काही लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग हेरिंगकडे बघून थांबवल्या. बोडिलकाकूंनी बाटली उजेडात धरली.

"मग मी हे काय वाटलंय?"

"विषारी नाही, काकू."

"कुठला हॉर्नबीम?" कोणीतरी विचारलं. "राईत मोजके तर आहेत."

आजोबा बाहीने खुर्चीची पाठ पुसायला लागले. जिंकलेला माणूस इतका ओशाळलेला मी त्या दिवशी दुसऱ्यांदा पाहत होते.

"माझे डोळे बांधले होते," मी म्हणाले. "पत्ता सांगण्याच्या अटीवर मी गेले नव्हते. पण येताना मला पालवलेला बीच दिसलाय. खरा. त्याची फांदी आणायला अनुभवी माणूस लागेल. आजोबा, बसा खोक्यात."

"आणि डोळे?" बोडिलकाकूंनी रुमाल पुढे केला.

"गरज नाही," आसगेरकाका म्हणाले. "त्याला काय दिसतंय?"

आजोबांना खोक्यात बसवणं म्हणजे कपाटाला डब्यात बसवणं होतं. मी बाजूने चालत होते. तळं मागे पडल्यावर त्यांनी विचारलं.

"कुठे नेतोय हा?"

"डेअरीच्या भिंतीशी."

त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे तुला कळलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षी नाही. दुसऱ्या वर्षी खोड नीट पाहिलं. पण तोवर तुझ्या आजीने त्या खुर्चीसाठी उशी शिवली होती. काय सांगणार?" ते रस्त्याकडे बघत होते. "दर वर्षी वाटायचं, आज कोणीतरी झाडाखाली येणार, खोडावर हात ठेवणार आणि संपलं. आणि आज हा माझीच फांदी आणून उभा; न बघताच कळलं, इतक्या लवकर फुटतं ते माझंच झाड. राग आला ग. मग स्वतःच्याच झाडाला शिव्या घातल्या."

"तुझ्याच दारात टाकायला आणत होतो, गाढवा," मागून पेडल मारत आसगेरकाका म्हणाले. "बोडिलने वाटेत पळवली."

आजोबा वळायला गेले, खोक्यात ते जमेना. म्हणून ते समोर बघतच म्हणाले, "शिडीवर चढलास? या वयात? तुझं पाठीचं दुखणं?"

"दुखतंय."

"बरं झालं."

पण त्यांचे खांदे खाली आले होते. कोट टांगायच्या खुंटीवरून कोट उतरावा तसे.

भिंतीशी आम्ही त्यांना उतरवलं. त्यांनी आधी शिडीकडे पाहिलं, मग हॉर्नबीमच्या खोडावर थाप मारली, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला मारावी तशी. मग मी रोप दाखवलं. ते काठीवर वाकले, दोन बोटांत खोड धरून फिरवलं, पानाची कडा ओठांना लावून पाहिली. एक डहाळी खुडली. शिडी लागली नाही.

सभागृहाशी लोकांनी डहाळी हातोहात फिरवून बघितली. बोडिलकाकूंनी चष्मा लावून लव पाहिली आणि ती चुलीत घालण्याआधी पाण्यात ठेवायचं ठरवलं. कोणीतरी कुरकुरलं की एवढीशी फांदी चालते का. नियमात आकार लिहिलेला नाही, मी म्हणाले. मग टेबलं राईत गेली आणि आजोबा खुर्चीत बसले, उशीवर. आसगेरकाकांना त्यांनी शेजारी ओढून घेतलं, ग्लास उचलला आणि मनापासून हसले. हॉर्नबीमची बाटली पहिल्या फेरीतच संपली.

"टोरा," दुसऱ्या फेरीला आसगेरकाका टेबलाच्या त्या टोकावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यांना ते निर्दोष खोडाचं सांग की."

मी सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं. अभिनयासकट, गाल टेकवून.

गाव पोट धरून हसत असताना मी मोजपट्टी घेऊन डेअरीच्या भिंतीकडे गेले. गावाच्या या वर्षीच्या पहिल्या बीचची नोंद करायची राहिली होती.

उंची एकशे दहा सेंटीमीटर. बुंध्याचा घेर, जमिनीलगत, सहा सेंटीमीटर.